वॅगनारच्या मागची ट्रॉली, एक आंबिया बहार वापरून पाहिल्यावर

सप्टेंबरमधे घेतली, आता संत्र्याचा आंबिया बहार आटोपला, म्हणून निवांत लिहून रायलो. रस्त्यात थांबवून थांबवून लोकं विचारतात की भाऊ हे कारच्या मागं काय लावलं, कितीत पडलं, आम्ही घ्यावं का. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं, त्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो, मग लिंक पाठवता येईल.

तर ट्रॉली आहे चार बाय सहा फुटाची, एकच एक्सल, दोन चाकं बारा इंची, आल्टोला असतात तशी. आपल्या तालुक्याच्याच एका वर्कशॉपमधून बनवून घेतली. नाव लिहत नाही कारण माणूस भला आहे, वेल्डिंग झकास करतो, आणि पुढंमागं मला त्याच्याच दारात जायचं आहे. ट्रॉली ४२ हजार, गाडीला हुक बसवायचे साडेपाच हजार, वायरिंग बाराशे. गाडी माझी जुनी वॅगनार, एक लिटरवाली.

घ्यायचं कारण असं की साडेतीन एकर संत्रा आहे, पावणेचारशे झाडं, त्यातला अर्धा बगीचा व्यापाऱ्याला झाडावरच देऊन टाकतो आणि बाकीचा माल मी सोता मोर्शी-अमरावतीला नेऊन विकतो. छोटा हत्ती एका खेपेचे अडीच-तीन हजार घेते आणि तोडाईच्या दिवसात तर मिळतच नाही, ट्रॅक्टर आपला नाही, डिक्कीत अन मागच्या सीटवर मिळून सहा-सात कॅरेट बसतात, तेवढ्यासाठी अमरावतीचं पेट्रोल परवडत नाही. म्हणलं ट्रॉली घ्या, एक सीझनमधे पैसे वसूल. कागदावर तर बरोबरच दिसत होतं.

पहिले चांगलं सांगतो. बॉडी मजबूत आहे, खाली चेकर प्लेट, तीनही बाजूचे फालके उघडतात त्यामुळं भरायला उतरवायला एक माणूस पुरतो. रंग दोनदा मारला आहे, एक पावसाळी परतीचा झोडपा खाऊनही कुठं गंज नाही. कमानपाटे मात्र इतके कडक टाकले की रिकामी असली की खड्ड्यात बेडकासारखी उड्या मारते. वर्कशॉपवाल्याला म्हणलं तर म्हणे भाऊ एक टनाच्या हिशोबानं टाकले, बिनधास्त एक टन टाका, काही होत नाही.

आता या एक टनाचं सांगतो, कारण सगळ्या गोष्टीची सुरवात इथूनच आहे. टायरवर लिहलेलं असतं १४५/८० आर१२ आणि त्याच्या पुढं छोट्या अक्षरात ७४. आपण कोणी ते ७४ वाचतच नाही. तो वजनाचा नंबर आहे, ७४ म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ३७५ किलो उचलेल, ते पण हवा पूर्ण असली तर. दोन टायर म्हणजे साडेसातशे, अन त्यात ट्रॉलीचं सोताचं वजन आलं. माझी रिकामी ट्रॉली धर्मकाट्यावर १९० भरली, म्हणजे माल साडेपाचशेच्या वर जाऊच शकत नाही, पाटे एक टनाचे असो की दोन टनाचे. हे मला ज्यानं बनवली त्यानं नाही सांगितलं, मी चाकाजवळ उकिडवं बसून मोबाईलच्या टॉर्चमधे वाचलं, आणि तेही आधी नाही, नंतर.

आधी काय झालं ते ऐका. ऑक्टोबरची पहिली खेप, अठरा कॅरेट, एकेक २१ किलोच्या आसपास, म्हणजे ३७८ किलो माल. ट्रॉली धरून ५७० च्या जवळ. मी आणि एक गडी, सकाळी पाचला भरलं. मागचा फालका उघडा म्हणून साहजिकच मागून भरत गेलो, आणि पुढचे कोपरे अर्धे रिकामे राहिले कारण अमरावतीवरून येताना ढेपेची पोती आणायची तर जागा राहू दे म्हणलं (जाताना रिकामी जागा ठेवून काय उपयोग होता देवाला माहीत). वरूड-मोर्शी रोडवर निघालो, गाडी मस्त ओढून रायली, उलट मला तर नेहमीपेक्षा हलकी वाटली मागून. खूश. एका नाल्याच्या पुलाआधी उतार आहे, काटा साठच्या थोडा खाली असेल, समोरून एक ट्रक सुसाट गेला आणि त्याच्या हवेनं ट्रॉली जराशी डुलली. जराशीच. मग डावीकडं, मग उजवीकडं, मग प्रत्येक वेळेला आधीपेक्षा जास्त, आणि आता ट्रॉली गाडीला हलवून रायली, आरशात पाहिलं तर कधी एक कोपरा दिसतो कधी दुसरा. मी काय केलं, जे कोणी पण करेल, ब्रेक मारला. ते अजून वाढलं. स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं, अजून वाढलं. गडी बाजूला हनुमानाचं नाव घेऊन रायला. शेवटी हातपाय गळाल्यावरच पाय अॅक्सिलरेटरवरून अन ब्रेकवरून दोन्हीवरून निघाला, स्टिअरिंग फक्त सरळ धरून बसलो, आणि ती आपोआप शांत झाली. पुलावर तीन कॅरेट सांडले. संत्री नाल्यात तरंगताना पाहत दहा मिनिटं तिथंच बसलो.

नंतर कळलं की तेच बरोबर होतं, पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ, ब्रेक नाही अन उतारावर स्पीड तर बिलकुलच वाढवायची नाही. माझ्याकडून ते अकलेनं नाही, भीतीनं झालं.

घरी आल्यावर बाबाले सांगितलं. बाबा खाटेवर बसल्या बसल्या म्हणे, "मागून भरली होती का?" मी म्हणलं हो. म्हणे, "मंग उलार झाली ना लेका. बंडी भरता येत नाही का तुले? कार आली म्हणून काय झालं."

आणि खरंच भाऊ, एवढीच गोष्ट आहे. ज्यानं बैलबंडी भरली त्याला हे शिकवावं लागत नाही. बंडी मागून जड झाली, म्हणजे उलार झाली, की जू वर उचलतं, बैलाच्या गळ्यातलं जोतं आवळतं, बैल चालतच नाही, म्हणजे तिथल्या तिथं कळतं. पुढून लय जड, म्हणजे दबार झाली तर बैलाची मान दबते. बंडी अशी भरायची की जू मानेवर जरासं टेकून राहील. कारला मान नाही, ती बोलत नाही, उलट उलार ट्रॉली मागून गाडीला उचलून धरते म्हणून हलकी वाटते, तेच मला सकाळी बरं वाटून रायलं होतं. मागचे चाकं असे अर्धवट उचलले की मागून जरा धक्का बसला की शेपूट हालायला लागतं.

दुसऱ्या दिवशी मोजूनच पाहिलं. संत्रा तोलायचा आपला सपाट काटा असतो ना, तो जमिनीवर ठेवला, त्यावर लाकडाचा ओंडका उभा केला हुकाच्या उंचीएवढा, काटा शून्य केला आणि ट्रॉलीची दांडी (पुढचा दांडा, जो हुकाला अडकवतो) त्यावर टेकवली. ट्रॉली सपाट जागेवर पायजे, चाकाला दगड लावून. कालच्यासारखी मागून भरली तर काट्यावर दांडी टिकतच नव्हती, एका हातानं वर जात होती. बरोबर वाटून भरली, बारा किलो. पुढून दोन थर भरले तर पन्नासच्या पुढं. अमेरिकेत म्हणतात एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के दांडीवर पायजे, युरोपात छोट्या गाड्या म्हणून त्यापेक्षा कमी धरतात. मी दहा टक्क्याच्या आसपास ठेवतो. त्याच्या वर नाही, कारण वॅगनारला जोर पुढच्या चाकावर आहे, मागं हुकावर जास्त वजन टाकलं की पुढचं तोंड उचलतं, ओल्या पांदणीत पुढचे चाकं जागच्या जागी फिरतात आणि रात्री लाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो. आणि जे हुकावर टाकलं ते गाडीतच टाकलं असं धरायचं, म्हणजे डिक्कीत तेवढं कमी.

यात वर्कशॉपवाल्याची चूक ही की एक्सल त्यानं बरोबर मधोमध टाकला, तीन फूट पुढं तीन फूट मागं. ट्रॅक्टरच्या दोन चाकी ट्रॉल्या पाहा, चाकं मधाच्या मागं असतात, उगाच नाही. त्याला नेऊन दाखवलं, आधी मानत नव्हता, म्हणे दिसायला बरी नाही दिसत. काट्यावर दांडी टेकवून दाखवली तेव्हा गप्प झाला. यू बोल्ट ढिले करून एक्सल चार इंच मागं सरकवला, दीड हजार घेतले. माझ्या मते ते घ्यायला नको होते. पण लगेच करून दिलं, तीन तासात, हे पण लिहायला पायजे.

वजनाचं दुसरं सांगतो. ट्रॉलीला ब्रेक नाही. म्हणजे जे काही थांबवायचं ते गाडीच्या चार चाकांनी थांबवायचं, आणि ट्रॉली मागून ढकलते. इंग्लंड-युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला साडेसातशे किलो ही कमाल हद्द आहे, आणि ती पण गाडीच्या सोताच्या वजनाच्या निम्म्याच्या आत असली तरच. माझी गाडी पावणेनऊशे किलोच्या जवळपास, निम्मे म्हणजे ४३५ च्या आसपास. आणि मी पहिल्या दिवशी ५७० घेऊन निघालो होतो. आता अकरा कॅरेट. अकरा गुणिले एकवीस, २३१, अधिक १९०, ४२१. बाराव्या कॅरेटसाठी गडी रोज भांडतो. स्पीड चाळीस, फार तर पंचेचाळीस. साठच्या जागी तीसनं गेलो तर गाडीला जिरवायचा जोर अर्धा नाही चौथाई होतो, हे एकदा डोक्यात बसलं की मागून हॉर्न वाजवणाऱ्याचा राग येत नाही. उताराला ज्या गिअरमधे चढलो असतो त्याच गिअरमधे उतरतो. चिखलदऱ्याच्या घाटात नेशील का म्हणून एकानं विचारलं, स्ट्रॉबेरीवाल्याचं काम होतं. नाही म्हणलं, अन यापुढं पण नाही.

हुकाबद्दल. वॅगनारसारख्या गाडीला चासी वेगळी नसते, सगळा पत्राच आहे. पहिले हुक त्यानं स्टेपनीच्या खालच्या पातळ पत्र्याला चार बोल्टवर लटकवला होता. महिन्याभरात बोल्टच्या भोवती रंगाला बारीक चिरा दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, बोट फिरवलं तर पत्रा आत दबलेला. तेव्हा मागच्या दोन्ही बाजूच्या जाड पट्ट्या, ज्याला मेकॅनिक लोकं रेल म्हणतात, तिथपर्यंत ८ एमएमची प्लेट नेऊन परत बसवला. घेणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशीच गाडीखाली झोपून पाहा, शरम ठेवू नका.

जोडणी पण आधी ट्रॅक्टरसारखी होती, पिन आणि भोक. भोक पिनपेक्षा चांगलंच मोठं. गिअर बदलला की खट्, ब्रेक दाबला की खट्, दिवसभर कंबरेत खट्. ऑनलाईन ५० एमएमचा बॉल आणि त्याचा कपलर (बॉलवर बसणारी दांडीची वाटी) मागवला, आता आवाज नाही. बॉल मागवाल तर कपलर त्याच मापाचा पाहा, दोन इंची वेगळा येतो, बसल्यासारखा वाटतो पण ढिला असतो. लॉक झाला की नाही ते पाहायला दांडी धरून वर ओढायची, गाडीचा मागचा भाग सोबत उठला पायजे. बस, एवढंच पाहणं.

साखळी त्यानं एकच दिली होती, गोठ्यातल्या साखळीपेक्षा बारीक. ते बदलून दोन जाड घेतल्या आणि दांडीच्या खालून कैची मारून लावतो, म्हणजे डावीकडची उजव्या कड्यात अन उजवीकडची डाव्या. कपलर सुटलाच तर दांडी त्या कैचीत अडकते, रस्त्यात रुतून ट्रॉली उलटी उडत नाही. लांबी अशी की वळताना ताणू नये अन रस्त्याला घासू नये.

वायरिंगचा एक मजेशीर किस्सा. ब्रेक दाबला की ट्रॉलीचे इंडिकेटर मिणमिणायचे, इंडिकेटर दिला की टेललाईट लुकलुकायचा, मागून येणाऱ्याला वाटायचं दिवाळी आहे. दोन आठवडे बल्ब बदलत बसलो. शेवटी पाहिलं तर त्यानं अर्थची वेगळी वायरच टाकली नव्हती, अर्थ हुकातून घेतली होती, आणि हुकाला मी भरपूर ग्रीस लावत होतो! एक पांढरी वायर टाकली, साठ रुपये, दिवाळी संपली. मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी, बाजूला पिवळी, हे पण सोताच चिकटवलं. आपल्याकडं कापसाच्या बंड्या रात्री बिनारिफ्लेक्टर चालतात अन मग काय होतं ते सगळ्यांनाच माहीत आहे.

बेअरिंग: दहा किलोमीटरवर थांबून चाकाच्या मधात हात लावायचा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर नट जास्त आवळला आहे. माझा उजवा होता.

आता रिव्हर्स. याबद्दल लिहायचं नव्हतं पण गावात सगळ्यांनी पाहिलंच आहे. पहिल्या दिवशी घरासमोरच्या गल्लीत ट्रॉली मागं घ्यायला अर्धा तास लागला, नळावर बाया पाणी भरून रायल्या होत्या, एकीनं तर घागर खाली ठेवून दिली निवांत पाहायला. स्टिअरिंग जिकडं फिरवतो त्याच्या उलट जाते, आणि दांडी आखूड असली की एवढी लवकर मुडपते की आवरेपर्यंत काटकोन. मग एक युक्ती सापडली, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, ट्रॉलीचं ढुंगण जिकडं न्यायचं तिकडंच हात न्यायचा, थोडा थोडा, आणि बिघडली की हट्ट न करता पुढं घेऊन परत सरळ करायची. रिव्हर्समधे क्लच जळतो, वास आला की थांबा. माझा क्लच या सीझनमधे किती घासला ते पुढच्या सर्व्हिसिंगला कळेल, त्याचे पैसे पण या हिशोबात धरा.

फवारणीच्या पाण्याची दोनशे लिटरची टाकी पण नेतो. ती भरलेली न्यायची नाही तर रिकामी. अर्धी कधीच नाही, पाणी मागंपुढं हेलकावतं आणि दांडीवरचं वजन प्रत्येक खड्ड्यात बदलतं, उलार-दबार उलार-दबार. टाकी एक्सलच्या किंचित पुढं, रॅचेट पट्ट्यानं आवळून. नायलॉन दोरी ताणते, तिच्या भरवशावर राहू नका. शेंदूरजना घाटवरून संत्र्याच्या कलमा आणल्या तेव्हा वजन काहीच नव्हतं पण हवा लय लागली, वरून हिरवी नेट बांधली तरी पान फाटलं.

आता कागदपत्राचं, जे सगळ्यात शेवटी विचारतात अन सगळ्यात पहिले विचारायला पायजे. वर्कशॉपवाला देताना म्हणाला होता पासिंगचं पाहून घेऊ. अजून पाहूनच घेऊन रायला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर आहे, म्हणजे ट्रॉलीची वेगळी नोंदणी लागते, आणि घरगुती वेल्डिंगच्या ट्रॉलीची नोंदणी करून घेणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच विचारा. गाडीचं मॅन्युअल पण काढून वाचलं, ट्रेलर ओढायची शिफारस नाही असंच त्यात आहे. विम्याच्या एजंटला विचारलं तर तो हसला, म्हणे क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिला फोटो त्या हुकाचाच काढेल. हे मला सप्टेंबरमधे कोणी सांगितलं असतं तर ४२ हजार खिशात असते, किंवा निदान मी आधी कागद मागितला असता. गाडीवाल्यांनो, पहिले कागद, मग अॅडव्हान्स.

म्हणून नोव्हेंबरपासून अमरावतीला नेणं बंद केलं. वावरातून शेडपर्यंत, शेडमधून घरी, बस. अमरावतीची खेप छोट्या हत्तीनं, शेजारच्या दोघांसोबत भाडं वाटून, प्रत्येकी हजारच्या आत पडते, ते आधी सुचलं नाही. वावरातल्या कामाला मात्र ट्रॉली खरोखर कामाची आहे, आधी डोक्यावर कॅरेट वाहायला चार गडी लागायचे, आता दोन.

पाचातून मी वेल्डिंग अन बॉडीला चार देईन, हुक अन वायरिंगला दोन, सल्ल्याला शून्य. भरण्याचं काम आता बाबाकडं आहे, ते पुढं उभे राहून दांडी हातानं उचलून पाहतात, काटा वापरत नाहीत, आणि परवा मी गुपचूप काट्यावर टेकवून पाहिली तर ४३ किलो.